मदत हवी आहे: खडकावरून जोरकस मासा वर घेताना ब्रेड (विणलेली मासेमारीची दोरी) तुटते

१० फुटी रॉड, ५० पौंडी ब्रेड, ८० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (ब्रेड आणि गळ यांच्यामधला जाड दोरा) दीड मीटर. ड्रॅग (रिळातून दोरी सुटू लागते तो ताण) वजनकाट्यावर मोजून १५ पौंड. गोबरा गळाला लागताच कपारीकडे मुसंडी मारतो. पहिले काही सेकंद दोरी अजिबात सोडत नाही, तरी तुटते. परत आलेलं टोक पिंजलेलं असतं, म्हणजे गाठ पक्की आहे, ब्रेड धारेवर घासतेय.

लीडर ४-५ मीटर केला तर ब्रेड-लीडर जोडणारी एफजी गाठ गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) जाताना फेक कमी होते का?

दुसरं, मासा चढत्या लाटेबरोबर वर घ्यायचा हे ठीक, पण ओसरत्या पाण्यात ड्रॅग नेमका किती सैल करता? ओल्या शेवाळलेल्या खडकावर उतरायचं नाहीच, म्हणून गॅफची (मासा वर ओढायच्या आकडेवाल्या दांड्याची) लांबीही सांगा.