जन्मताना हात लुळा पडणं आपल्याकडं खरंच कमी आहे काय?

खानापूरवाली:
परवा बारशात एक पाहुणे ठोकून गेले, जन्मताना मानेतली नस ताणून बाळाचा हात लुळा पडतो ते गोऱ्यांच्या साडेचार किलोच्या पोरांचं दुखणं, आपल्याकडं नसतंय. मला नाही पटलं. 1998-99 ला ब्रिटन-आयर्लंडात मोजलं तर हजार बाळांमागं 0.42, त्याच सुमाराला अमेरिकेत हजारी दीड. तिप्पटीच्या वर! तिकडच्या बाया काय तिप्पट जाड्या आहेत व्हय? ब्रिटनात डॉक्टरांनी केसेस कळवल्या, अमेरिकेत दवाखान्यांच्या डिस्चार्जच्या नोंदी चाळल्या. चाळणीच वेगळी.

वडगावकर:
चाळणी राहू दे, नस ताणते ती बाहेर येताना बाळाचा खांदा अडकला की, आणि खांदा अडकतो कशानं? बाळ मोठं असलं की. आपली पोरं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, अडकतंय डोंबल. वर कर्नाटकात 2019-21 च्या सर्व्हेत 31 टक्के बाळंतपणं सिझर. कमी असणारच की ओ.

निपाणीची सून:
सिझरमध्ये पण होतंय, कमी होतंय एवढंच. आणि पायाळू बाळाचं काय? ते बारीक असलं तरी डोकं सोडवताना नस ताणतेच. माझ्या नणंदेचं सांगते, तिसऱ्या दिवशी झबलं घालताना बघते तर उजवा हात नुसता पडलेला, कोपर सरळ, तळवा मागं वळलेला, भांडं पडलं की बाळ दचकायचं तर डावा हात उडायचा उजवा नाही, सासूबाई म्हणाल्या आखडलाय तेल चोळा. डिस्चार्ज कार्डावर बाळ सुखरूप, तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी कार्डावर, वजन आणि लस. दोन महिन्यांनी हात हलायला लागला. आता ही केस कुठं मोजली सांगा?

शहापूरची फिजिओ:
ओढून मालिश अजिबात नको हं, आधी डॉक्टरला दाखवा. बरीचशी पोरं आपोआप सुधारतात, ती कुणाच्या वहीत येतच नाहीत. माझ्याकडं येतात ती सहा-आठ महिन्यांची, पार चंदगडकडनं. तीन महिन्यांत कोपर वाकवता नाही आलं तर सर्जनकडं जायचं असतंय, तोपर्यंत ह्यांचं तेलच चाललेलं असतंय.

वडगावकर:
बरं, पायाळूचं घेतलं. पण मोजलं नाही म्हणजे जास्तच असणार, हे कुठलं गणित?

खानापूरवाली:
जास्त कुठं म्हटलं ओ? 'नसतंय' म्हणू नका म्हटलं. तुमच्या धाकट्याचे दोन्ही हात कुणी हलवून बघितलेले काय, विचारा वहिनींना.