आठव्या वर्षी दातांना तार: गरज की घाई?

जळगावकर बाबा
मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. वरच्या पुढच्या दोन दातांत अशी फट, की कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खाताना शेंगदाण्याचा तुकडा हमखास तिथेच अडकतो. शेजारचे दोन दातही तिरपे फुटलेत. खालची एक दाढ किडली म्हणून गेल्या वर्षी काढली, पण ती दुधाचीच होती, त्यामुळे तिचं काही नाही.
एका दवाखान्यात दाखवलं. दोन मिनिटं तोंडात बॅटरी मारली आणि कागद हातात: आत्ता वर्षभर प्लेट, मग बाराव्या वर्षी तारा. आकडा ऐकून बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी छताच्या पंख्याकडे. अर्धे दात अजून दुधाचे आहेत, तर सरळ कशाला करायचे? माझ्या मते हा निव्वळ धंदा आहे. पटत नसेल त्यांनी बोला.

तापीकाठचा
शंभर टक्के. आमची आजी म्हणायची, "पोऱ्याना दात पडतीन, नवा येतीन, तुले काय घाई शे?" तिच्या सात नातवंडांत एकालाही तार लागली नाही.

रावेरची वहिनी
भाऊ, सात नातवंडांचे दात नंतर कुणी तपासले का? आमच्या घरात दोन मोठे दीर आहेत, दोघं हसताना तोंडावर हात ठेवतात. असो.
माझ्या मुलाचं सांगते. डब्याचं झाकण डब्याच्या बाहेरून बसतं ना, तसे वरचे दात खालच्यांच्या बाहेर बसायला हवेत. त्याचं एका बाजूला उलटं होतं, खालच्या दाढा बाहेर. चावताना जबडा सरकवून चावायचा, हनुवटी वाकडी दिसायला लागली होती. नवव्या वर्षी टाळूला रुंद करायचा स्क्रू बसवला. त्याची बारीक चावी असते, एकदा फिरवली की पाव मिलिमीटर. चावीला दोरा बांधलेला, घशात जाऊ नये म्हणून. भारनियमनात मोबाइलच्या उजेडात मी फिरवायचे आणि सासूबाई शेजारी बसून "राम राम" म्हणायच्या. आठवड्याभरात पुढच्या दातांत फट पडली, मी घाबरून फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, पडायलाच हवी, टाळू उघडतेय. टाळूच्या मधला सांधा वयात येताना घट्ट होत जातो. मग हेच काम अवघड होतं, कधी ऑपरेशनपर्यंत जातं. तेव्हा सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका.

तापीकाठचा
तुमच्या मुलाचं वेगळं, वहिनी. इथे नुसती फट आहे.

धुळ्याची दंतविद्यार्थिनी
मी एमडीएस करतेय, म्हणजे दंतवैद्यकातलं पुढचं शिक्षण, दात सरळ करण्याच्याच विषयात. वहिनी म्हणतात ते क्रॉसबाइट, आणि त्यात लवकर उपचाराला अर्थ असतो. पुढचा दात उलटा बसला असेल तरी थांबत नाही, खालच्या दाताची हिरडी उतरायला लागते.
फटीचं मात्र बाबांशी जुळतं. वरचे सुळे अकरा-बारा वर्षांच्या सुमारास उतरतात. तोवर ते हाडात राहून शेजारच्या दातांच्या मुळांना दाबतात, म्हणून दात पंख्यासारखे फाकतात. याला 'अग्ली डकलिंग', म्हणजे कुरूप बदकपिल्लू, अवस्था म्हणतात. सुळे उतरले की बहुतेक मुलांची फट आपोआप मिटते.
पण बाबा, तुम्ही काढलेली दाढ एका ओळीत उडवून लावलीत. मी तिथेच थांबले. कोणती होती? शेवटची दुधाची दाढ असेल, तर तिच्यामागे सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते. दुधाच्या दाढेच्या जागी खालून येणारी उपदाढ, म्हणजे कायमची छोटी दाढ, दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान येईल आणि बघेल तर तिची जागा गेलेली.

निवृत्त मास्तर, अमळनेर
एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. पुढे आलेल्या दातांच्या मुलाला पोरं काय नावं ठेवतात ते इथे लिहीत नाही. शिवाय खो-खोच्या मैदानात अशाच मुलांचे दात मोडलेले पाहिले. एका मुलीचा अर्धा पटाशीचा दात मी मातीतून शोधून रुमालात बांधून दिला होता. मूल चिडवून घेत बारा वर्षांचं होईपर्यंत थांबा म्हणणं सोपं आहे.

धुळ्याची दंतविद्यार्थिनी
सर, दात मोडण्याचं तुमचं निरीक्षण खरं आहे. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आणि पुन्हा २०१८ च्या आढाव्यातही तेच आलंय: पुढे आलेल्या दातांवर लहानपणी आणि मग किशोरवयात असे दोन टप्पे केले, तर पुढच्या दातांना इजा कमी होते. मात्र शेवटी दात दिसण्यात-बसण्यात, किशोरवयात एकदाच केलेल्या उपचारापेक्षा ठोस जास्त फायदा दिसला नाही.

जळगावकर बाबा
म्हणजे मी बरोबर! आणि अमेरिकेत दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची एक संघटना आहे, मुलांना सातव्या वर्षापर्यंत एकदा दाखवा म्हणणारी, तीही दातवाल्यांचीच ना?

धुळ्याची दंतविद्यार्थिनी
त्यांचीच. पण ती दाखवा म्हणते, तार लावा नाही. तुम्ही दाढेचं उत्तर टाळलंत.

रावेरची वहिनी
बाबा, पैशाचंच असेल तर धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवा. खेपा घालाव्या लागतील, एसटीत मुलीला पुस्तक द्या.

जळगावकर बाबा
(तीन आठवड्यांनी) गेलो धुळ्याला. एकच विचारलं, सुळे येईपर्यंत थांबलो तर काय बिघडेल? फट पाहून तिथले सर म्हणाले, काही नाही, प्लेट नको. मी बायकोकडे असं पाहिलं जणू दहावीचा निकाल लागलाय. मग त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. दाढ शेवटचीच होती, मागची पुढे झुकायला लागलीय. अजून फार नाही. दाढ काढली तेव्हाच जागा धरून ठेवायची कडी बसवायला हवी होती, आणि ते मला ना काढणाऱ्याने सांगितलं, ना प्लेटवाल्याने. परवा कडी बसली. मुलगी जिभेने चाचपत बसते आणि आजीला दाखवते. गूळ-शेंगदाण्याची चिक्की बंद, त्यावरून घरात रोज रडारड.

तापीकाठचा
म्हणजे पैसे गेलेच शेवटी.

जळगावकर बाबा
गेले. प्लेटच्या मानाने किरकोळ. पण तुझ्या आजीला विचार, दुधाची दाढ काढली की मागची सरकते हे तिला माहीत होतं का.