मदत हवी आहे: वर्गात चार घरभाषा, फॉरवर्डमधलं खरं-खोटं शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला शिकवते. मुलं ४६. निम्म्यांच्या घरी तेलुगू, बाकीच्यांकडे कन्नड, मराठी किंवा उर्दू (म्हणजे आपली दखनी). बऱ्याच जणांचे वडील यंत्रमागावर, आया विड्या वळतात. घरात फोन एकच, आणि संध्याकाळी तो पोरांच्याच हातात.

मुख्याध्यापकांनी शनिवारची एक तासिका दिलीय, बातमी आणि अफवा यासाठी. सुरुवात झकास झाली. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण म्हणजे मेसेज पाच किंवा जास्त चॅटमधून फिरत आलाय, आणि असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे जातो. हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. असं का केलंय, ते कुणीच सांगू शकलं नाही.

तिसऱ्या शनिवारी घोळ झाला. वर्गातल्याच एकाच्या घरून आलेली क्लिप दाखवली. पळणारी माणसं, पोलीस, खाली मराठीत 'सोलापुरात दंगल, बाहेर पडू नका'. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तो माईकवर तेलुगूत पोलिसांचा सराव चाललाय म्हणून सांगतोय की." वर्ग खो खो हसला. एका मुलाच्या मामाकडे तीच क्लिप कन्नड ओळीसह, दुसऱ्याच गावाच्या नावाने आली होती. मी खूश. चार भाषांचा वर्ग म्हणजे अडचण असं समजत होते, इथं तर तपासणीचं यंत्रच हाती लागलं.

पण क्लिप ज्याच्या घरची, तो पोरगा तासभर मान खाली घालून बसला. सोमवारी त्याचे वडील आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "मी शिकलो नाही, मान्य. पण पोराला माझ्यावर हसायला शिकवू नका मॅडम." मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं चुकलं असंही वाटत नाही.

तेव्हापासून घरची क्लिप आणायची नाही असा नियम केलाय. नेट शाळेत धड चालत नाही, म्हणून फोटो गुगल लेन्सवर घालून मूळ शोधणं मी घरी करते आणि झेरॉक्स नेते. गेल्या आठवड्यात गड्ड्याच्या (म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेतल्या गर्दीचा एकच फोटो गटांना दिला आणि आपापल्या भाषेत खोटी ओळ लिहायला सांगितली. एका गटाने 'पाण्यासाठी मोर्चा' लिहिलं. फोटोत सगळे यात्रेच्या पांढऱ्या बाराबंदीत, मागे मिरवणुकीतले नंदीध्वज! तरी दुसऱ्या तुकडीतल्या चौघांनी विश्वास ठेवला. मजा आली, पण हे खेळणंच झालं. खऱ्या अफवेची धग त्यात नाही.

धग असलेलं उदाहरण जवळचंच आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना जिवे मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे, बहुतेक आपल्याच मंगळवेढ्याकडचे. त्या काळात देशभर फिरलेली एक क्लिप तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मची होती. शेवटी मूल परत आणून सोडतात तेवढाच भाग कापलेला. हे तेरा वर्षांच्या मुलांना सांगावं का? भटक्या समाजातली दोन मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांच्याकडे सगळे वळून बघतील, ही भीती.

कुणी शाळेत असा विषय घेतला असेल तर सांगा. घरच्या माणसाचं हसं न होता मुलगा घरी जाऊन "पप्पा, जरा थांबा" कसं म्हणेल? कुणी पालकांनाच तासाला बसवून पाहिलंय का? माझ्या मनात विडी कारखान्यातून सुटणाऱ्या आयांसाठी संध्याकाळी अर्धा तास ठेवायचं आहे, पण दमून आलेल्या बाईला अजून एक शाळा नको, असं सहकारी म्हणतात. शिवाय मला तेलुगू वाचता येत नाही. तेलुगू-कन्नडमधला साधा, छापता येणारा नमुना कुणाकडे असेल तर इथेच टाका. पुढची तासिका परवा आहे.