प्रतिसाद: वॉटची पत्रं टिकली कशी?

वाफेचं इंजिन सुधारणाऱ्या जेम्स वॉटच्या पत्रांत यंत्रापेक्षा पैशाचाच घोर जास्त दिसतो, तो कंजूष होता, असं मूळ लेखात म्हटलंय. त्यातलं पैशाच्या घोराचं पटलं. पण त्याला कंजूष म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. न्यूकोमेनच्या जुन्या वाफेच्या इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश मोबदला, असा वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांचा करार असायचा. ही इंजिनं वापरणारे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे खाणमालक तो द्यायला खळखळ करत. मग हिशेबाची पत्रं लिहिण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

आणि आपल्याजवळ ठेवायला प्रत्येक पत्राची नक्कल हाताने उतरवायची! त्यावर वॉटने नक्कल काढायचं यंत्रच काढलं, १७८० मध्ये पेटंटही घेतलं. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचा. अक्षरं उलटी उमटत, पण कागदाच्या पाठीमागून सुलटी वाचता येत. वॉटने पाठवलेली इतकी पत्रं आज वाचायला मिळतात, त्यात या यंत्राचा वाटा फार मोठा आहे.