आप्पांचा पार्किन्सन, तणनाशकाची फवारणी आणि 'मायटोकॉन्ड्रिया'च्या कॅप्सूल

माळरान:

नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. आप्पा ६८ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर आपोआप फिरायला लागला. आम्हाला वाटायचं तंबाखू मळतायत. मग एकदा बघितलं तर हातात तंबाखू नव्हतीच. सांगलीत दाखवलं, पार्किन्सन निघाला. आता लिवोडोपाची गोळी दिवसातून चारदा आणि सोबत रसाजिलीन. गोळी लागू पडली की दोन-अडीच तास बरे जातात, उतरली की पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात.

मला दोन गोष्टी विचारायच्यात.

एक म्हणजे, औषधाच्या दुकानात एकाने को-एन्झाइम क्यू-टेनच्या कॅप्सूल दिल्या. म्हणाला, या रोगात पेशींमधला मायटोकॉन्ड्रिया बंद पडतो, या कॅप्सूल तो परत चालू करतात. महिन्याला २,४०० रुपये जातात, तीन महिने झाले, फरक काही नाही. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेत शिकलेली तंतुकणिका, पेशीचं वीजघर, एवढंच मला आठवतं. यात खरं काय?

दुसरं आप्पांचं आहे. तीस वर्षं त्यांनी बागेत पाठीवरच्या पंपाने तणनाशक मारलं. काठी सापडली नाही तर बादलीत हातानेच ढवळायचे. नोझल तुंबलं की काढून तोंडाने फुंकायचे. पॅराक्वाटचा एक रिकामा डबा अजून गोठ्यात आहे, त्यात खिळे ठेवतो आम्ही. कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की या औषधाने पार्किन्सन होतो. परवा रात्री मला म्हणाले, "मीच माझ्या हातानं हे वढवून घेतलं का रं?" मला काही बोलता आलं नाही.

पेशीवाली:

माळरानदादा, मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर काम करते आणि मायटोकॉन्ड्रिया हाच माझा रोजचा विषय आहे. त्यामुळे औषधं कमी-जास्त करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. बाकी जे माहीत आहे ते सविस्तर लिहिते, कारण आप्पांना नीट उत्तर मिळायला हवं.

दुकानदाराने सांगितलेलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, आणि ते कळलं कसं ते ऐका. १९८२ साली कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या एका रुग्णालयात एक ४२ वर्षांचा माणूस आला. हलता येईना, बोलता येईना. आधी मानसिक आजार वाटला. पण मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँग्स्टन यांना तो म्हाताऱ्या माणसाला वर्षानुवर्षांनी होणाऱ्या पार्किन्सनसारखा दिसला. मग आसपास असेच आणखी तरुण सापडले. सगळ्यांनी हेरॉइन समजून चोरून बनवलेली एकच भुकटी टोचून घेतली होती. बनवताना रसायन बिघडलं आणि त्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ तयार झाला होता. १९७६ मध्ये मेरीलँडमधल्या रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचं हेच झालं होतं, पण तेव्हा धागा जुळला नाही.

एमपीटीपी स्वतः फारसं काही करत नाही. मेंदूत गेल्यावर एमएओ-बी नावाचं एन्झाइम त्याचं एमपीपी-प्लस करतं आणि ते खरं विष. हालचालींसाठी लागणारं डोपामीन हे मेंदूतलं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात, पार्किन्सनमध्ये त्याच मरतात. या पेशींना डोपामीन आत ओढून घ्यायचं एक दार असतं. हे विष त्याच दारातून आत शिरतं आणि थेट मायटोकॉन्ड्रियात जाऊन ऊर्जा बनवायच्या साखळीतली पहिली कडी, कॉम्प्लेक्स वन, अडवतं. म्हणून नेमक्या त्याच पेशी मेल्या. (आप्पांची रसाजिलीन याच एमएओ-बीला रोखते. मात्र ती विषासाठी नाही, मेंदूतलं डोपामीन जास्त वेळ टिकावं म्हणून देतात.)

पुढे १९८९ साली लंडनच्या संशोधकांनी साध्या पार्किन्सनने गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले, तर सबस्टॅन्शिया नायग्रा या, डोपामीनच्या पेशी असलेल्या भागात कॉम्प्लेक्स वनचं काम कमी पडलेलं दिसलं. या लोकांनी कसलीही भुकटी घेतली नव्हती. नंतर पार्किन आणि पिंक-वन ही दोन जनुकं सापडली. पिंक-वनपासून बनणारं प्रथिन खराब झालेल्या मायटोकॉन्ड्रियावर जाऊन साचतं आणि पार्किनला बोलावतं. पार्किन त्यावर खूण करतं, मग पेशी तो मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढते. ही जनुकं बिघडलेल्या घरांत तरुणपणीच पार्किन्सन होतो. तीन वेगळ्या वाटांनी माणसं एकाच जागी पोचली, म्हणून या कल्पनेवर माझा विश्वास आहे.

मी रोज काय बघते तेही सांगते. उंदराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवतो आणि मायटोकॉन्ड्रियाला चमकणारा रंग देतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचा तो लांबलचक धागा दिसतो आणि त्यात लांबट, शेवयांच्या तुकड्यांसारखे मायटोकॉन्ड्रिया. बरेचसे जागच्या जागी, काही पुढे सरकतायत, काही मागे परततायत. एखादा थांबतो, दुसऱ्याला चिकटतो, पुन्हा निघतो. मग बशीत रोटेनोन नावाचं कीटकनाशक टाकायचं. हेही कॉम्प्लेक्स वन अडवतं. काही वेळातच ते लांबट तुकडे तुटून गोल ठिपके होतात आणि ये-जा मंदावते. इतक्या वर्षांनी अजूनही ते बघताना माझ्या पोटात गलबलतं. डोपामीनच्या एकेका पेशीचा धागा इतका फाटे फुटलेला असतो की माणसात त्याची एकूण लांबी काही मीटर भरेल असा अंदाज आहे. एवढ्या पसाऱ्याला टोकापर्यंत ऊर्जा पुरवायची म्हटल्यावर पुरवठ्यात थोडी जरी खोट आली तरी आधी त्याच पेशी कोलमडतात.

आता दुकानदाराच्या वाक्याचं उरलेलं अर्धं. को-एन्झाइम क्यू-टेन ऊर्जेच्या त्या साखळीतच काम करतं, त्यामुळे आशा रास्त होती. २००२ साली ८० रुग्णांच्या छोट्या चाचणीत मोठ्या मात्रेने रोग सावकाश वाढतो असं वाटलं. आम्ही सगळेच तेव्हा खूश झालो. मग मोठी चाचणी झाली: ६०० रुग्ण, दिवसाला १,२०० किंवा २,४०० मिलिग्रॅम, नाहीतर नुसतीच खोटी गोळी. फायदा होण्याची शक्यताच दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली, आणि २०१४ मध्ये निकाल छापून आला. क्रिएटीन नावाच्या दुसऱ्या पूरकाचंही तेच झालं, १,७४१ रुग्ण, काही उपयोग नाही. तुमच्या कॅप्सूलवर मात्रा बघा. चाचणीतल्या मात्रेच्या जवळपासही नसेल, आणि तेवढ्या मात्रेनेसुद्धा काही झालं नाही. ते २,४०० रुपये व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला द्या.

असं का, तर निदान होईपर्यंत त्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. शिवाय तोंडाने घेतलेलं औषध मेंदूतल्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत पुरेसं पोचवणं फार कठीण. रोग कशाने होतो ते कळणं वेगळं, तो थांबवता येणं वेगळं. या दोन्हींच्या मधल्या दरीत माणसांच्या खिशातून पैसे काढले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

आप्पांच्या प्रश्नावर दुपारी लिहिते. तो घाईत लिहायचा नाही.

शेवंती_ठाणे:

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या आईला अल्झायमर आहे. दूध तापत ठेवते आणि गॅससमोर उभी राहूनही ऊतू गेलेलं तिला कळत नाही. त्यातही मायटोकॉन्ड्रिया असतं असं वाचलं. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडूनच येतात ना? मग मलाही होणार का? रात्री झोप लागत नाही या विचाराने.

पेशीवाली:

शेवंतीताई, आधी झोपेचं. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो हे खरं. पण मायटोकॉन्ड्रियातली बहुतेक प्रथिनं पेशीच्या केंद्रातल्या डीएनएवरून बनतात, ती आई-वडील दोघांकडची. आईला उतारवयात अल्झायमर झाला म्हणून लेकीला होणारच, असं अजिबात नाही. धोका थोडा वाढतो, एवढंच.

अल्झायमरमध्ये गुंता जास्त आहे. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण ऊर्जा वीस टक्क्यांच्या आसपास खातो. पेट स्कॅनमध्ये या रुग्णांच्या मेंदूच्या ठरावीक भागांत ग्लुकोजचा वापर घटलेला दिसतो. २००४ मध्ये स्वेर्डलो आणि खान यांनी मांडलं की मायटोकॉन्ड्रियाची झीज आधी, अमिलॉइड या प्रथिनाचा मेंदूतला साठा नंतर. त्यासाठी रुग्णांच्या रक्तातल्या प्लेटलेट घेऊन त्यांचे मायटोकॉन्ड्रिया मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए काढून टाकलेल्या दुसऱ्या पेशींत घातले, तर खोट त्यांच्यासोबत तिकडेही गेली. पण उलटही खरं आहे, अमिलॉइडसुद्धा मायटोकॉन्ड्रियाला इजा करतं. आधी कोण, हा वाद मिटलेला नाही. डिमेबॉन नावाचं जुनं रशियन ॲलर्जीचं औषध मायटोकॉन्ड्रियाला सावरतं म्हणून २००८ मध्ये गाजलं, २०१० च्या मोठ्या चाचणीत पडलं. तेव्हा कुणी आईसाठी 'मायटो' नावाचं काही विकायला आलं तर घेऊ नका. गॅसचा मुख्य खटका मात्र आजच बंद ठेवायला लागा.

आता आप्पा. पॅराक्वाटचा रेणू दिसायला त्या एमपीपी-प्लसचा जुळा भाऊ म्हणावा असा आहे. काम थोडं वेगळं करतो, कॉम्प्लेक्स वन अडवण्यापेक्षा पेशीत जाळपोळ करणारे ऑक्सिजनचे रेणू तयार करतो. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतकरी कुटुंबांचा अभ्यास २०११ मध्ये आला. पॅराक्वाट वापरलेल्यांत पार्किन्सन साधारण अडीच पट आढळला, रोटेनोनचंही तसंच. युरोपीय संघात २००७ पासून पॅराक्वाटला बंदी आहे. पण अडीच पट म्हणजे फवारणाऱ्या प्रत्येकाला होतो असं नव्हे, बहुतेकांना होत नाही. आणि जन्मात पंप पाठीला न लावलेल्या किती तरी माणसांना होतो. आप्पांना कशामुळे झाला हे एका माणसापुरतं कुणालाच सांगता येत नाही.

आणि त्यांना हे नक्की सांगा: त्यांच्या हातात सरकारमान्य औषध होतं, दुकानात राजरोस मिळणारं. त्याचा हा धोका त्यांना सांगायचं काम दुसऱ्यांचं होतं. त्यांनी बाग जगवली.

एक गोष्ट उरते. त्याच शेतकऱ्यांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की जे बहुतेक वेळा रसायन आत न शिरू देणारे हातमोजे घालायचे, त्यांच्यात पॅराक्वाटचा हा संबंध दिसलाच नाही. आता फवारणी कोण करतं तुमच्याकडे?

डोंबिवलीचा_नाना:

माझ्या बायकोला ११ वर्षं पार्किन्सन आहे. पाय चिकटतात त्यावर एक सांगतो. फरशीवर एकेका पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या पट्ट्या मारा. सपाट फरशीवर पाय उचलत नाही, पण पट्टी ओलांडायची म्हटलं की उचलतो. आणि लिवोडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. डाळ, दूध, अंडं यांसोबत घेतली तर नीट लागू पडत नाही. वेळा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

माळरान:

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना फोन केला, कॅप्सूल बंद करा म्हणाले. गोळी आम्ही दुधासोबतच देत होतो, ते बदललं.

पेशीवाली ताई, तुमचं लिहिलेलं आप्पांना दोनदा वाचून दाखवलं. कॅलिफोर्नियाचं ऐकताना डोळे मिटून होते. हातमोज्यांचं आलं तसे एकदम म्हणाले, "धाकटा घालतो का?" धाकटा भाऊ फवारतो, घालत नाही. आज सांगलीहून कोपरापर्यंतचे जाड मोजे आणले, दोन जोड. आप्पांनी एक जोड स्वतः घालून बघितला. उजवा अंगठा थरथरत होता, मोज्यात शिरेपर्यंत मी धरून ठेवला. मग तोच जोड त्यांनी धाकट्याकडे दिला आणि गोठ्यातला तो डबा, खिळे काढून, बाहेर न्यायला सांगितला.

नाना, मोरीच्या उंबऱ्याशी पिवळ्या पट्ट्या मारल्यात, पाच. सकाळी चौथीला जरा थांबले. पाचवी ओलांडली.