रिपोर्ट चांगले, पण अंगात त्राण नाही. डॉक्टरांना सांगायचं कसं?

डिचोलीकरीण:
मला जीपीए आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज येणाऱ्या व्हॅस्क्युलायटिसचा एक प्रकार. रिटुक्सिमॅब हे सलाइनमधून देतात ते औषध झालं, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी आता ५ मिलिग्रॅमवर आलीय. सूज दाखवणारी सीआरपी, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, लघवी, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, 'छान, आजार शांत आहे.' मी मान हलवली आणि बाहेर बाकावर बसून रडले.

चवथीला गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळाफुलांचं छत, बांधायला उभी राहिले, तर केवणीच्या सालीच्या दोराची गाठ बोटांना कळेचना. डोळ्यांनी बघून मारावी लागली. सुपारीचा एक घड बांधला आणि मटकन बसले. डाव्या पायातली चप्पल चालताना कधी निसटते, पत्ताच लागत नाही. मागून धाकटा ओरडतो, 'आई, चप्पल!' सकाळी नाकातून खपल्या निघतात. थकवा तर झोपून उठलं तरी तसाच. लोक म्हणतात, चेहरा छान भरलाय. तो स्टेरॉइडने भरलाय हो.

पाच मिनिटांत हे सगळं कसं सांगता तुम्ही?

फोंड्याचे काका:
ताई, मी 'थकवा' हा शब्दच सोडून दिला. 'देवळाच्या पायऱ्या एका दमात चढायचो, आता दोनदा बसतो' असं लिहून नेतो. तेव्हा कुठे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. चप्पल निसटते ते तर जसंच्या तसं सांगा.

मडगावची मावशी:
बाय, आजार शांत झाला तरी आधी दुखावलेली नस तशीच राहू शकते. म्हणून बधिरपणा जुनाच आहे की वर सरकतोय, हे त्यांना नीट सांग. पाऊल अचानक लोंबायला लागलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा लघवी लाल झाली, तर तारखेची वाट बघू नकोस. गोळी मात्र मनाने कमी-जास्त करायची नाही.

आणि जीपीएसारख्या व्हॅस्क्युलायटिससाठी 'एएव्ही-प्रो' नावाची २९ प्रश्नांची प्रश्नावली आहे, आपल्यासारख्या रुग्णांशी बोलून बनवलेली. त्यात मनावरचा ताण आणि पुढची काळजी हेही विचारलंय. ते वाचलं तेव्हा मला कळलं, हे सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे.

डिचोलीकरीण:
मावशी, आज वही घातली. पहिली ओळ: चप्पल, सोमवारपासून चार वेळा. मोजायचं काम धाकट्याकडे दिलंय.