नगरसेवकाने बसथांब्यामागे धावावं का? माझं मत: धावलंच पाहिजे

घणसोलीकरीण
गेल्या रविवारी नवी मुंबईत आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर एक काका उभे राहिले. म्हणाले, "नगरसेवकानंच थांबे आणि गटारं बघत फिरायचं, तर अधिकाऱ्यांना पगार कशाचा देतो आपण? त्यानं महासभेत बसून शहराचा विचार करावा." टाळ्या पडल्या. मला ते अजिबात पटलं नाही. तिथे बोलायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिते.

आमच्या घराजवळच्या थांब्याचंच घ्या. खांब आहे, शेड आहे, बाकडं आहे. पण शेडसमोर पहाटेपासून गाड्यांची दुहेरी रांग. बसला कडेला यायला जागाच नाही, ती भर रस्त्यात उभी राहायची. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फुटपाथवरून बसची पायरी एका पावलावर असते, पण रस्त्यावरून चढायचं तर तीच पायरी गुडघ्याएवढी उंच होते. त्यात डाव्या बाजूच्या फटीतून दुचाक्या घुसतात. एकदा त्यांच्या पिशवीला हँडल अडकलं आणि त्या फिरून पडता पडता वाचल्या. त्या दिवसापासून त्यांनी बस सोडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं. फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन काय होतं, हिशेब करा.

दोन ठिकाणी अर्ज दिले होते. एकीकडे सांगितलं, गाड्या हटवणं आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे सांगितलं, थांबा आमचा नाही. पोचपावत्या आजही घरात आहेत.

निवडणुकीनंतर महिन्याभरात आमच्या नव्या नगरसेविका सकाळी पावणेआठला थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या. चांगल्या अर्धा तास. चार बस गेल्या, चारही मधेच थांबल्या, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या आठवड्यात विभाग कार्यालय, वाहतूक पोलीस आणि परिवहन अशी तिघांची संयुक्त पाहणी झाली. आता कडेला पिवळा पट्टा आहे, फलक आहे, आणि बहुतेक वेळा बस कडेला लागते. सासूबाई परत बसने जातात.

मे २०२० मध्ये नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेपाच वर्षं प्रशासकांचा कारभार. रस्ते झाले, दिवे लागले, कामं थांबली नव्हती. पण तीन खात्यांची माणसं एका वेळी एका फुटपाथवर आणून उभी करायची, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. ते मतं मागायला दारात आलेल्या माणसानेच करायचं असतं.

निवृत्त_वाहक
ताई, आजींना बस मिळाली, बरं वाटलं. पण मी २७ वर्षं खांद्याला बॅग लावून फिरलोय, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

थांबा, वळण, जादा फेरी हे नगरसेवकाच्या हातात दिलं की काय होतं? प्रत्येकाला बस आपल्या सेक्टरमधून वळवून हवी असते. सरळ जाणारा मार्ग सापासारखा होतो. एका थांब्याला अर्धं-पाऊण मिनिट धरा. सहा थांबे आणि दोन वळणं वाढली की जाऊन-येऊन बारा-पंधरा मिनिटं गेली. दिवसभराच्या शेड्यूलमध्ये तेवढ्यात एक अख्खी फेरी बुडते. आणि बुडते ती बहुतेक वेळा शेवटची, कारण ड्युटी संपलेली असते. थांबा मिळालेल्या सेक्टरात सत्कार होतो. रात्री बस चुकलेल्याला कळतही नाही की आपली फेरी कुठे गेली.

शहर रोज बदलतंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव रेल्वे स्टेशन सुरू झालं. अशा वेळी बसचा अख्खा नकाशा पुन्हा मांडायला लागतो. शिवाय आपल्या बस ठाणे, डोंबिवली, पनवेल, मुंबई अशा बाहेर जातात. हे एका प्रभागात उभं राहून दिसत नाही. नगरसेवकाने पालिकेच्या परिवहन समितीत बसावं आणि विचारावं: डेपोत गाड्या किती, सकाळी सहाला बाहेर पडल्या किती, वाटेत बंद पडल्या किती, चालक कमी म्हणून कुठल्या फेऱ्या रद्द झाल्या? कायद्याप्रमाणे या समितीवर नगरसेवक नसलेला पण वाहतुकीचा, कारभाराचा किंवा कामगार प्रश्नांचा अनुभव असलेला माणूसही घेता येतो. तिथे आपली जाणकार माणसं बसवा. थांबे त्यातून आपोआप सुधारतील.

घणसोलीकरीण
दादा, आम्ही नवा थांबा मागितलाच नव्हता, होता तोच वापरता यावा एवढंच हवं होतं. वळणांबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. बस आमच्या गल्लीत आणा असं मी कधी म्हणणार नाही.

पण "आपोआप" हा शब्द मला खटकला. समितीत सकाळच्या फेऱ्यांचा आकडा कळेल. बस कडेला लागते की नाही, हे त्या कागदावर कुठे येणार?

ऐरोलीचा_मास्तर
माझा या सगळ्यालाच विरोध आहे आणि तो मनापासून आहे.

मी शाळेत शिकवतो. पालक प्रत्येक गोष्टीला "साहेबांचं पत्र आणतो" म्हणतात. आधारवरचा पत्ता बदलायला नगरसेवकाची सही चालते, तेवढं ठीक. पण पाण्याचं बिल चुकलं, झाड पडलं, दिवा गेला तरी साहेब. मुलं हेच बघत मोठी होतात. हक्काने मिळायची गोष्ट ओळखीने मिळते, हे त्यांच्या मनात पक्कं बसतं.

ताईंच्या सोसायटीत समजा तीनशे मतं आहेत, म्हणून कुणीतरी पावणेआठला येऊन उभं राहिलं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे एमआयडीसीत हजारो माणसं रोज कामाला येतात. त्यांची मतं कल्याणला, मुंब्र्याला, नाहीतर गावाला. त्यांच्या थांब्यावर कोण उभं राहणार? मतांच्या मागे धावणारी व्यवस्था मत नसलेल्याला सोडूनच पुढे जाणार. म्हणून मला नियम हवाय. कुठल्याही थांब्याची तक्रार आली की ठरलेल्या दिवसांत पाहणी, लेखी उत्तर, आणि ते उत्तर सगळ्यांना दिसेल असं.

गावठाण_कोपरखैरणे
मास्तर, नियम चांगलाच. पण आमच्या स्टेशनबाहेर एकदा या. स्टेशन सिडकोने बांधलेलं, रूळ रेल्वेचे, पुढचा रस्ता पालिकेचा. शेअर रिक्षाचं भाडं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवणार, परवाना आरटीओचा, दंड वाहतूक पोलिसांचा. माझी आई सही करण्यापुरती शिकलीय. तिने "ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर" कुणाकडून मागायचं? यातल्या कुणाकडे?

आमचे जुने नगरसेवक फार शिकलेले नव्हते, पण कुठला कागद कुठल्या टेबलावर अडकतो हे त्यांना पाठ होतं. सकाळी ओट्यावर बसायचे, वीस-पंचवीस माणसं यायची. आई म्हणायची, "काम झालं नाही तरी का झालं नाही ते तरी कळतं." गावठाणातल्या माणसाला ते फार मोठं वाटतं. आमच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं आणि कार्यालयात आम्हालाच विचारतात, तुम्ही कोण.

घोडबंदरवाली
ठाण्यातून लिहिते. आमच्याकडे मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, म्हणजे आम्हीही जवळजवळ चार वर्षं नगरसेवकाविना काढली. घोडबंदर रोडला मेट्रो ४ चं काम, खड्डे आणि अवजड वाहनं यांत रोजचा जीव जातो, त्यामुळे दारात येणारं माणूस हवंच या मताची मी आहे.

पण आता पॅनेल पद्धत आहे. एका प्रभागाला चार जण. मानपाड्याच्या सर्व्हिस रोडसाठी फोन केला तर पहिले म्हणाले तो भाग दुसऱ्यांकडे, दुसरे म्हणाले आमचं वाटून ठरलंय, तिसऱ्यांना विचारा. नवी मुंबईतही आता १११ नगरसेवक आणि २८ प्रभाग आहेत ना? तुमच्या ताई स्वतःहून आल्या हे तुमचं नशीब.

ऐरोलीचा_मास्तर
नशीब! हाच माझा मुद्दा आहे. आजीला बसमध्ये चढता यावं हे नशिबावर का असावं?

आपल्या महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. ग्रामसभेसारखी, वस्तीतल्या मतदारांची सभा. मी इतकी वर्षं इथे राहतो, एकाही क्षेत्रसभेचं बोलावणं मला आलेलं नाही. लोकांनी ओट्यावर एकेकट्याने जाण्याऐवजी प्रभागातल्या चौघा नगरसेवकांनी मिळून ती सभा भरवावी. कुठला थांबा आधी, कुठला नंतर, ते सगळ्यांसमोर ठरू दे.

घणसोलीकरीण
सभा भरली तर पहिल्या रांगेत मी असेन. पण मास्तर, त्या सभेला सासूबाईंना न्यायचं तरी बस कडेला लागायला हवी. दोन्ही करा. एकासाठी दुसरं थांबवू नका.

रात्रपाळी
सगळं वाचलं. मास्तरांनी लिहिलेल्या त्या हजारोंतला मी एक. रबाळे एमआयडीसीत काम, मतदान कल्याणला.

रात्री साडेअकराला सुटतो. थांब्यावर दिवा नाही. समोर चहाची टपरी आहे, तिचा बल्ब चालू असतो तोवर आम्ही तिथे उभे राहतो. टपरीवाला बंद करून गेला की मोबाईलची बॅटरी लावून हात हलवतो, नाहीतर ड्रायव्हरला दिसत नाही. पॅकिंगमधल्या बायका घोळक्याने मधे उभ्या राहतात आणि आम्ही कडेने. माझा नगरसेवक कोण?

घणसोलीकरीण
थांबा नेमका कुठे आहे ते मला कळव, दादा. आमच्या नगरसेविका बुधवारी संध्याकाळी कार्यालयात असतात. मी तुझा अर्ज घेऊन जाते. त्यांचा प्रभाग नसेल तर कुणाचा आहे ते विचारून त्यांच्याकडे जाईन. माझं मत इथे आहे, ते तुझ्या थांब्यासाठीही चालेल.

निवृत्त_वाहक
ताईंबरोबर मीही येतो. फक्त एक कर, भाऊ. अर्जाला जोडायला आठ दिवसांची वही ठेव. बस किती वाजता आली, थांब्यावर माणसं किती होती, किती चढली, किती राहिली. दिव्याचं काम ताईंच्या पत्राने होईल. फेरीचं विचारायला मला आकडा लागतो. स्टार्टरपुढे, म्हणजे फेऱ्या सोडणाऱ्या माणसापुढे, वही ठेवली की त्याला नाही म्हणणं जड जातं.

ऐरोलीचा_मास्तर
वहीचे फोटो इथे रोज टाका. सगळ्यांना दिसू देत. तक्ता मी करून देतो.

रात्रपाळी
आजपासून सुरू करतो. कालचं आठवतंय तेवढं लिहितो. बस ११:५२ ला आली. थांब्यावर एकोणीस जण, त्यात सात बायका. सगळे चढले. टपरी पावणेबाराला बंद झाली होती.